ठोकदादा, जपूनताई आणि आईची दांडी

भिंतीला पोट असतं, हे मला पन्नाशी उलटून गेल्यावर कळलं. तोवर माझ्या लेखी भिंत म्हणजे कॅलेंडर टांगायची जागा, आणि भांडण झालं की तोंड फिरवून झोपायची दिशा. त्या पोटात पाणी वाहतं, वीज धावते, कुठे नुसतीच हवा कोंडून बसलेली असते. आणि हे सगळं पोटात ठेवून ती वर्षानुवर्षं चकार शब्द काढत नाही. हे समजलं तेव्हा मी तिच्यापुढे हात जोडले. अर्थात हात जोडण्याआधी माझी तिला भोकं पाडून झाली होती.

झालं असं, की माझी आई बाथरूममध्ये घसरली. ती आमच्याकडेच असते. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि हॉस्पिटलात तिला पुन्हा चालायला शिकवणाऱ्या व्यायामाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सोमवारी घरी सोडते. पण त्याआधी बाथरूममध्ये धरून उठायला आधारदांडी बसवून घ्या. भिंतीत. पक्की."

मी म्हटलं, "दांडी कशाला? मी आहे की. मी घालीन आंघोळ."

आई छताकडे बघत पडली होती. म्हणाली, "घालशील गं. मायेनंच घालशील. पण मला दार आतून लावायचंय."

"दार उघडं राहिलं म्हणून काय बिघडतं?"

"मग मी येत नाही. इथंच राहते. इथं परक्या बायका आंघोळ घालतात, त्यांच्यावर रागावता तरी येतं."

आईला ओव्या करायची जन्माची खोड. दूध उतू गेलं तरी ओवी, लाइट गेली तरी ओवी. तिथल्या तिथे, सलाईन लावलेल्या हाताने चादरीवर ठेका धरत ती गुणगुणली:

हाड मोडलं, जुळलं, त्याची खंत मला नाही
माझ्या दाराची गं कडी, दुज्या हाती द्यायची नाही

शेजारच्या खाटेवरच्या बाईने "वा!" म्हटलं. मी दांडी आणली.

आता दांडी बसवणं म्हणजे काय मोठंसं? हेच सगळ्यांनी म्हटलं, आणि म्हणूनच कुणी आलं नाही. नळवाला म्हणाला, हे सुताराचं काम. सुतार म्हणाला, लाकूड असेल तर बोलवा. टाइलवाला म्हणाला, अख्खी बाथरूम फोडायची असेल तर उद्या येतो, एका दांडीसाठी पुढच्या महिन्यात. जग मोडायला माणसं मिळतात हो. चार स्क्रू फिरवायला मिळत नाहीत.

तेव्हा मी जाहीर केलं, "मीच बसवणार."

आमचे हे जेवत होते. घास तसाच हातात धरून म्हणाले, "शिकून घेऊ आधी." आमच्या संसाराचं सार या दोन वाक्यांत आलं. मी विम्याच्या कचेरीत दावे तपासते. तपासते म्हणजे बहुतेक नाकारते. दिवसभर अटी आणि पोटअटी वाचून मला कुणी सरळ एका वाक्यात काही सांगितलं की त्याच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटतं. यांचं औषधाचं दुकान. हे बाटलीच्या आतली ती घडी घातलेली चिठ्ठीसुद्धा शेवटपर्यंत वाचतात आणि दुष्परिणामांशी आले की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. अशा दोन माणसांनी एकाच फोनवर एकच काम शिकायचं ठरवलं, तर काय व्हायचं?

फोनवर आम्हाला दोन गुरू भेटले.

पहिल्याचं नाव आम्ही ठेवलं ठोकदादा. कपाळाला पट्टी, बाहीतून बाहेर आलेले दंड, मागे शर्यतीच्या मोटारींसारखं संगीत. "नमस्कार मंडळी! आज दांडी! सोपं काम आहे. खूण करायची, ठोकायचं, विषय संपला!" आणि खरोखर विषय संपायचा. तो भिंतीकडे असा बघायचा, की भिंतच अर्धं काम स्वतःहून करून देईल.

दुसरीचं नाव जपूनताई. "नमस्कार. आधी घोटभर पाणी प्या. घाई नाहीये ना? मग बसा." त्यानंतर त्या आपण किती वर्षं हे काम करतो, शिक्षण काय, परवाना कसला, ते सांगायच्या. मग एक तडकलेली टाइल दाखवायच्या. "ही माझी पहिली. मीच फोडली. म्हणून तुमच्याकडून फुटली तर वाईट वाटून घेऊ नका." मग विचारायच्या, "ज्यांच्यासाठी दांडी लावताय, त्या कोणत्या हाताने उठतात? विचारलंत का त्यांना?" ड्रिल यायचं ते अर्धा व्हिडिओ सरल्यावर, एखाद्या लाजऱ्या पाहुण्यासारखं. आणि प्रत्येक वाक्याला "शक्यतो", "मला वाटतं", "तुमच्याकडे वेगळं असू शकतं."

"बाई आहे, म्हणून लांबण लावतेय," मी म्हटलं.

"तूही बाईच आहेस," हे म्हणाले.

"म्हणूनच सांगतेय. मला ठोकदादा पटतो."

"मला ताई पटतात. त्या दुष्परिणाम सांगतात."

अशी घरात दोन घराणी झाली, आणि तीही उलटी. बायको दादाकडे, नवरा ताईंकडे. मी तर एक सिद्धांतच मांडला: पुरुष शिकवतो तेव्हा तो भिंतीबद्दल बोलतो, आणि बाई शिकवते तेव्हा भिंतीपाशी उभ्या असलेल्या माणसाबद्दल. हा सिद्धांत मला इतका आवडला की मी तो कचेरीत दोघींना ऐकवला आणि त्या दोघींनी तो आपापल्या नवऱ्यांना. संध्याकाळपर्यंत दोन घरी अबोला होता असं कळलं. सिद्धांतात दम असल्याशिवाय असं होत नाही.

मात्र एक गोष्ट माझ्याही डोळ्यांत खुपली. दोघांच्या व्हिडिओखाली लोक लिहायचे. ठोकदादाने एकदा दांडी चक्क उलटी धरून दाखवली होती, खाली सगळे "वा दादा!", "एक नंबर!" जपूनताईंनी सगळं नीट, दोनदा दाखवलं, तरी खाली "ताई, ड्रिल असं धरत नाहीत," "ताई, घरात कुणी पुरुषमाणूस नाही का?" आणि एक महाभाग, "आवाज गोड आहे, गाणं म्हणा." ठोकदादाला त्याचा परवाना कुणी विचारला नव्हता. तो आहे की नाही याची त्यालाही कुणी आठवण करून दिली नसावी. परवाना आधी दाखवून मग बोलायला सुरुवात करणाऱ्या त्या बाईकडे पाहून मला माझी कचेरी आठवली; तिथे मलाही तोंड उघडण्याआधी अनुभवाची वर्षं मोजून दाखवावी लागतात. पण मी गप्प बसले. शत्रूपक्षाला मुद्दा का द्या?

मग परवानगी. आमच्या इमारतीत भिंतीला भोक पाडायचं तर सेक्रेटरींना कळवावं लागतं. सेक्रेटरी सदैव घाईत, पण उठत नाहीत. त्यांनी विचारलं, "कोणती भिंत?"

"बाथरूमची. नळाची."

"म्हणजे शेजाऱ्यांशी सामाईक. अर्धी भिंत तुमची, अर्धी त्यांची. अर्ध्यापर्यंत भोक पाडायला माझी हरकत नाही."

"आणि पुढे गेलं तर?"

"तर तो अतिक्रमणाचा प्रश्न होईल."

मी दिवसभर लोकांना अशीच उत्तरं देते. पहिल्यांदाच समोरच्या खुर्चीतून ऐकलं. ती खुर्ची फार टोचते हो.

तेव्हा भिंतीपलीकडच्या काकांची संमती घ्यायला गेलो. काका एकटे राहतात, त्यामुळे त्यांच्याकडे सल्ल्यांचा साठा पडून असतो. आमच्या भिंतीच्या बरोबर मागे त्यांचा दाढीचा आरसा.

"दांडी?" काका म्हणाले. "पूर्वी कुणी पडत नसे. म्हणून दांड्या नव्हत्या."

"पूर्वीही पडायचे काका. उठायचे नाहीत, म्हणून तुम्हाला दिसायचे नाहीत," हे म्हणाले. एरवी यांच्या तोंडून असं काही निघत नाही. सासूसाठी निघालं.

काका ओशाळले. "बरं, बरं. पण माझा आरसा हलता कामा नये. आणि माझी दुपारची झोप."

"दोन्ही सांभाळतो."

"आणि खिळा नको, खुंटी लावा. आणि ड्रिल डाव्या हाताने धरा, मी एकदा पाहिलंय कुणाला तरी." त्यांच्या दारातून निघेपर्यंत आमच्याकडे इतका सल्ला जमला होता, की दांडी नसती तरी आईला त्याचाच आधार झाला असता.

पहिला वार मी केला. ठोकदादाला समोर उभं केलं, म्हणजे फोन साबणाच्या खणात ठेवला. खूण केली. ड्रिल हातात घेतलं. काय ते यंत्र! बटण दाबलं की हाडापर्यंत थरथर पोचते. क्षणभर वाटलं, आता मी डोंगरसुद्धा पोखरीन. दादा ओरडला, "दाबा! ठाम! घाबरायचं नाही!" मी दाबलं. ठाम. घाबरले नाही.

टाइलने असा आवाज केला, जसा एखाद्या वडीलधाऱ्या बाईने अपमान गिळताना करावा. आणि माझ्या खुणेपासून चारही दिशांना तडे धावत गेले. भिंतीवर कोळ्याचं जाळं. मध्ये मी, माशी.

हे दारात उभे होते.

"बोला," मी म्हटलं.

"मी काही बोललो का?"

"न बोलता बोललात. सगळं ऐकू आलं."

मी व्हिडिओ पुन्हा लावला, दादावर दावा ठोकायच्या तयारीने. तर काय, त्याने सांगितलं होतं! मोटारींच्या संगीतात, एका अर्ध्या श्वासात: "टाइल पार होईस्तोवर हॅमरचं बटण बंद." माझ्या कानाने "टाइल" सोडलं, "बंद" सोडलं आणि "हॅमर", म्हणजे ठोके घालत पोखरणं, तेवढं उचललं. हीच गोष्ट जपूनताईंनी तीनदा सांगितली होती, एकदा बटणावर बोट ठेवून, एकदा टाइलवर कागदी चिकटपट्टी लावताना, आणि एकदा "मी हे पुन्हा सांगतेय, कारण मी हेच विसरले होते" असं म्हणून. त्या तिसऱ्या वेळेला मी लांबण म्हटलं होतं.

मला स्वतःबद्दल फार काही वाटलं नाही. टाइलबद्दल वाटलं.

मग यांची पाळी आली. ताईंनी सांगितलं होतं, भिंत आधी बोटाच्या पेराने वाजवून ऐका, कुठे भरीव बोलते, कुठे पोकळ. हे दुकानातून आले की हातपाय धुवून भिंतीपाशी बसायचे. टक, टक. कान लावायचे. टक, टक, टक. मला वाटलं, माझ्या आईच्या आधी हेच हातचे जातात. दुसऱ्या संध्याकाळी पलीकडून उत्तर आलं. टक, टक.

हे दचकून मागे सरले. "भिंत बोलली!"

तेवढ्यात दारावर काका. "काय हो, कुणी आत अडकलंय का? मी ठोकून विचारलं, तर तुम्ही परत ठोकलंत!"

"भिंत ऐकतोय," हे म्हणाले.

काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी "चहा घेता का?" म्हणून विषय बदलला.

आणि मग तो दिवस. मी कचेरीतून आले तर घरात सामसूम. बाथरूमचं दार लोटलेलं. ढकललं, तर आत माझा नवरा आईच्या आंघोळीच्या स्टुलावर बसलेला, अंगावर आईची शाल, डोळे मिटलेले, डावा पाय आईसारखा ताठ पुढे केलेला. उजवा हात हवेत काहीतरी शोधत होता.

"अहो!"

"शू. आई होतोय."

"काय?"

"ताईंनी सांगितलंय, ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या जागी बसा. मी आईंना फोन करून विचारलं, कोणत्या हाताने उठता. त्या म्हणाल्या, उजव्या. पण आधी दोन्ही हात मांडीवर आपटून 'चल गं' म्हणते, मग उजवा." त्यांनी दोन्ही हात मांडीवर आपटले. "चल गं," ते हळूच म्हणाले, उजवा हात उचलला, आणि तो भिंतीला जिथे लागला तिथे डोळे न उघडता पेन्सिलीने ठिपका काढला.

मी दारातच उभी राहिले. इतकी वर्षं मी आईबरोबर राहते. ती उठताना स्वतःला "चल गं" म्हणते, हे मला माहीत नव्हतं. एका परक्या बाईने फोनमधून एक प्रश्न विचारला, आणि माझ्या आईचा हात माझ्या भिंतीवर उमटला, ठिपक्याएवढा. मी ड्रिल शोधायच्या निमित्ताने आत निघून गेले.

आता ठिपका तर मिळाला. रविवारी दुपारी जपूनताई व्हिडिओ कॉलवर थेट प्रश्नांना उत्तरं देतात असं कळलं. सोमवारी आई येणार. आम्ही दोघं बाथरूममध्ये. हातात ड्रिल माझ्या, फोन यांच्या. काकांची झोप आम्ही त्यांना आधीच संपवायला लावली होती.

पडद्यावर ताई दिसल्या. "नमस्कार. छान खूण केलीत. चिकटपट्टीही लावलीत, वा. आता शक्यतो अगदी सावकाश..."

मी ड्रिलचं टोक ठिपक्यावर टेकवलं.

"थांबा!"

मी थांबले.

"ड्रिल खाली. हातातून खाली ठेवा. बटणावरचं बोट काढा. काढलं? आता प्लग काढा. बोलू नका, आधी काढा."

अहो, तो आवाज! जपूनताईंचाच, पण त्यातलं "शक्यतो" कुठच्या कुठे उडून गेलं होतं. ठोकदादाने त्या आवाजापुढे पट्टी काढून हात बांधले असते. यांनी फोन सोडला नाही हेच नशीब. मी प्लग काढून एखाद्या शाळकरी पोरीसारखी उभी राहिले.

"फोन खाली न्या," त्या म्हणाल्या. "तो नळ दिसतोय? तुमचा ठिपका त्याच्या बरोबर डोक्यावर आहे. त्या रेषेत पाइप वर जातो. अजून थोडं आत गेला असतात तर घरात तळं झालं असतं."

मी भिंतीकडे पाहिलं. गुळगुळीत, पांढरी, निष्पाप. आणि आत, माझ्या टोकापासून बोटभर अंतरावर, अख्ख्या इमारतीचं पाणी उभं. मला आईसारखंच काहीतरी सुचून गेलं:

भिंत म्हणे लेकीबाई, नको टोचूस गं सुई
माझ्या कुशीत निजली, पाण्याची गं जाईजुई

"मी ओरडले, त्याबद्दल माफ करा," ताई म्हणाल्या. आवाज पुन्हा मऊ झाला होता.

"ओरडा हो ताई! असंच व्हिडिओतही ओरडत जा की. माझी टाइल वाचली असती."

त्या हसल्या. "ओरडून पाहिलं होतं सुरुवातीला. खाली लोक लिहायचे, बाई चिडकी आहे. मग कुणी बघेना. आता साखर घालून देते. औषध पोटात गेल्याशी कारण."

यांनी मान डोलावली. साखर घातलेली औषधं हा यांचा विषय.

"ठिपका नळापासून बाजूला घ्या, पण उंची सोडू नका," म्हणून ताई पुढच्या माणसाकडे वळल्या. रांग लागली होती. आम्ही ठिपका बाजूला घेतला. हे वाकून टक टक करू लागले, आणि त्यांचा चेहरा उतरला. दांडीचं एक टोक येणार तिथे भिंत भरीव बोलत होती. दुसरं टोक येणार तिथे पोकळ. टाइलच्या मागे नुसती हवा. आईने हवेला धरून उठायचं का?

ठोकदादाच्या प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी एक नंबर येतो: "अडलात तर फोन करा!" तो नंबर खरा असेल असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. मी लावला. लगेच उचलला.

"हॅलो," एक बारीक, जपून बोलणारा आवाज म्हणाला.

"ठोक... म्हणजे, ते दांडीवाले दादा आहेत का?"

"मीच बोलतोय मावशी."

मावशी! मी जखम बाजूला ठेवली. सगळं सांगितलं, नळ, पोकळी, उद्याचा सोमवार. वाटलं, आता म्हणेल, ठोका, विषय संपला.

त्याने उलट विचारलं, "दांडी कुणासाठी आहे मावशी?"

"आईसाठी."

"वजन कितपत? घाबरतात का उठताना?"

"ती नाही घाबरत. आम्ही घाबरतो."

"मग बरोबर चाललंय तुमचं," तो म्हणाला. "असं करा, फोन भिंतीला लावा आणि वाजवा. मला ऐकू द्या."

आम्ही फोन भिंतीला लावला. हे वाजवत सरकत गेले. टक. टक. आणि तो दंडबाज गडी पलीकडे श्वास रोखून ऐकत होता. "नाही... नाही... थोडं वर... अजून... हां. हां! पुन्हा तिथेच. भरलेली आहे." तो सुस्कारला. "दांडी आडवी नका लावू. तिरपी लावा. भरीव जागेतलं टोक तिथेच, खाली; दुसरं इथे, वर. तिरपी असली की उठताना हातही वर सरकत जातो."

"दादा," हे न राहवून म्हणाले, "तुम्ही पण भिंत ऐकता? व्हिडिओत तर..."

"दर वेळी ऐकतो हो. व्हिडिओ जोडणारे ते कापून टाकतात. त्या शांततेवर संगीत बसत नाही."

माझा सिद्धांत त्या क्षणी टाइलसारखाच तडकला, आणि मला त्याचं टाइलइतकंही वाईट वाटलं नाही. बाई म्हणजे अशी आणि पुरुष म्हणजे असा, हे मी फोनच्या काचेवरून वाचलं होतं. काचेच्या मागे, भिंतीच्या मागे असतं तसंच, भलतंच काय काय वाहत होतं.

फोन चालूच राहिला. त्याने मला प्रत्येक भोकाला "छान, मावशी, थांबा, श्वास घ्या," असं म्हणत पुढे नेलं. हॅमर बंद, टाइल पार, मग चालू. स्क्रू धरून ठेवणारे प्लास्टिकचे प्लग आत गेले, सरळ रेष बघायची पाणसळ हवीच कशाला, तिरपीच तर लावायची होती. स्क्रू मी फिरवले, शेवटचा पीळ यांनी दिला.

"आता लटका," दादा म्हणाला.

"काय?"

"दोन्ही हातांनी धरा, पाय उचला. आधी तुम्ही पडा, म्हणजे आई पडायच्या नाहीत."

मी धरलं. डोळे मिटले. पाय उचलले. पन्नाशी ओलांडलेली, विम्याच्या कचेरीतली एक प्रतिष्ठित बाई आपल्या बाथरूममध्ये लोंबकळत होती, आणि भिंत तिला धरून होती. इतकुसे स्क्रू! बोटाच्या पेराएवढे! त्यांनी मला, माझा संसार, माझी सगळी नकारपत्रं पेलून धरली. मग हे लटकले. तेवढ्यात काका आले, "आरसा जागेवर आहे" हे सांगायला; त्यांनाही लटकवलं. काका लटकल्या लटकल्या म्हणाले, "हे मात्र पूर्वी नव्हतं." फोनमधून दादा हसत होता. हसायचाही आवाज त्याचा बारीकच.

सोमवारी आई आली. वॉकर टेकत थेट बाथरूमपाशी गेली. तडकलेली टाइल पाहिली, तिरपी दांडी पाहिली, जावयाकडे पाहिलं. "वाकडी लागलीय," म्हणाली.

"मुद्दाम, आई," हे म्हणाले.

"तसंच म्हणायचं असतं." तिने दांडीवरून हात फिरवला, एखाद्या नव्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग वळून म्हणाली, "बाहेर व्हा."

दार लागलं. कडीचा आवाज आला, स्वच्छ, एकच.

आम्ही दोघं दाराला खिळून उभे. माझ्या जिभेवर ठोकदादा आला होता: धर! ठाम! यांच्या ओठांवर जपूनताई: शक्यतो सावकाश. यांनी माझा हात दाबला, मी यांचा. आत काहीच ऐकू येत नव्हतं. भिंत ऐकणारे यांचे कान आता दारावर. माझं काळीज तर दाराच्या फटीतून केव्हाच आत गेलं होतं. मग आत मांडीवर दोन हात आपटल्याचा आवाज झाला. पुढचं काही आम्हाला ऐकू आलं नाही. कारण पुढचं ती स्वतःशीच म्हणते.

भिंत गप्प. दांडी गप्प. मग, फार वेळाने, काठी टेकल्यासारखा उभा, ताठ असा पायाचा आवाज.

"दाराशी उभे आहात का दोघं?" आतून आई.

"नाही!" आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

नळ सुटला. बादलीत पाणी पडू लागलं, आणि त्या पाण्याच्या वरून, घसरल्यापासून पहिल्यांदाच, आईचं खळखळून हसणं आलं.